छाट

अत्ताची फाईल घेऊन तिसऱ्यांदा झेडपीत आलोय.
वृद्ध कलावंत मानधन, खोली नंबर सात,
बाहेर चप्पल डांबराला चिकटावी असं ऊन.
आमच्यात आत्याला अत्ता म्हणतात. मराठी शाळेत
मला वाटायचं, तिचं नावच ‘आत्ता’ आहे.

अनसूया येमूल, वय एकाहत्तर.
साहेब मान वर न करता विचारतात, भूमिका?
शेजारीण, ती सांगते. नर्स. सासू, दोनदा.
पडदा उघडायच्या आधीच मेलेली आई,
जिचा फोटो तिन्ही अंक भिंतीवर असतो.
त्या फोटोची अर्धी नाईट मिळायची.
आणि दार उघडणारी बाई.
‘दार उघडून काय?’
‘साहेब आंघोळीला गेलेत म्हणायचं, आन् आत जायचं.’
‘बस?’
‘आत जायला बी यावं लागतंय की.’

पाठांतर ती विड्या वळत करायची.
मांडीवर सूप, भिजवलेलं पान, कात्री, दोरा.
एका विडीला एक वाक्य,
पन्नाशीच्या आतच तिची वाक्यं संपायची.
मग हजार भरेपर्यंत
ती बाकीच्यांची वळत बसायची,
नायकाची, खलनायकाची, नायिकेचं ते लांबलचक रडणं.
नायिकेला टायफॉईड झाला तेव्हा
कंपनीनं मोटार पाठवून मिरजेहून दुसरी आणली.
अत्ता विंगेत उभी राहून
तिला अख्खं नाटक पुरवत होती.

एकदा सिनेमा आला, आमच्याच गल्लीत.
तिला एक सीन, बोलणं नाही:
कारखान्यात तपासनीस तिच्या विड्या चाळतो,
मूठभर छाट म्हणून बाजूला टाकतो,
ती बघते.
एवढंच. दोन दिवस चाललं ते बघणं.
दिग्दर्शक म्हणाला, बाई, काय बघता हो तुम्ही!
पुढं टॉकीजला आम्ही चौतीस जण, दोन अख्ख्या रांगा,
कोंड्याची म्हातारी सुद्धा, जिला दिसत नव्हतं.
इंटरव्हल झालं. शेंगा झाल्या.
नावं वर सरकली, दिवे लागले,
तरी आम्ही बसून होतो.
अत्तानं पदर झटकला, फोलपटं पाडली.
‘छाटात गेला,’ म्हणाली. ‘उठा.’
सकाळी सातला सूप मांडीवर.

‘पुरावा?’ साहेब म्हणतात. ‘नाव छापलेलं काहीतरी.’
मी जाहिरातीचं कात्रण सरकवतो,
पिवळं, घडीवर फाटलेलं,
आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो:
‘आणि इतर.’
हे इतर म्हणजे हीच, साहेब.
साहेब हसत नाहीत. मलाही हसू येत नाही.
चहा घेऊन आलेला मौलाली शिपाई तेवढा थबकतो,
‘साहेब आंघोळीला गेलेत,’ पुटपुटतो,
‘असं म्हणायची ती बाई तुम्हीच ना?
हुतात्माला बघितलंय मी. तुम्ही आत गेल्यावर
मला सारखं वाटत होतं, आत काहीतरी झालंय.’
‘झालं होतं,’ अत्ता म्हणते.
काय, ते ती सांगत नाही.
साहेब म्हणतात, हे लेखी आणा.

पूनम गेटबाहेर सिटी बस. खिडकीशी बसलेली बाई
हिच्याकडं निरखून बघते, मग आणखी निरखून.
‘तुम्ही अक्कलकोटच्या सुभद्राक्का नव्हं?’
मी तोंड उघडतो,
अत्ता माझ्या गुडघ्यावर हात ठेवते.
‘व्हय की,’ म्हणते, कानडी हेल काढून,
पाठीत थोडी वाकून, जी ती कधी वाकत नाही.
‘मल्लूचं जमलं का गं कुठं?’
मल्लू निघतोच. मल्लूचं जमलेलंही असतं,
मोडलेलंही असतं, आणि बाई डोळे पुसत
अशोक चौकापर्यंत सगळं सांगते.
अत्ता ऐकते. नुसती ऐकते.
असं ऐकणं मी कुठल्या सिनेमात पाहिलं नाही.

उतरताना बाई म्हणते,
‘अक्का, आवाज बदललाय की तुमचा.’
‘पडसं झालंय,’ अत्ता म्हणते,
आणि दोनदा खोकते.